मालवणच्या पाण्याखालचं शूटिंग: सामान जमवतानाच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२४, कोल्हापूर

मालवणजवळ देवबागला मामेभावाचं होमस्टे आहे. उतरणाऱ्या पाहुण्यांतल्या निम्म्यांना पोहता येत नाही, वयस्करांना डाइव्ह झेपत नाही, आणि जेवायला बसले की सगळे विचारतात, "खाली नक्की असतं काय?" भावाला त्यासाठी आठ-दहा मिनिटांची फिल्म हवी आहे, जेवणघरातल्या टीव्हीवर लावायला. अट एकच, पाणी मालवणचंच पाहिजे. किनाऱ्यावरच्या कितीतरी फलकांवर कुठल्यातरी परदेशी समुद्राचं निळंशार पाणी छापलेलं असतं. ते बघून पाहुणा खाली उतरतो, हिरवं पाणी बघतो आणि फसवल्यासारखं तोंड करून वर येतो.

मी चौदा वर्षं लग्नाचं शूटिंग करतोय. मार्चमध्ये स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स केला, म्हणजे १८ मीटरपर्यंत उतरायची मुभा आहे. पाण्याखाली कॅमेरा एकदाही नेलेला नाही. बजेट ७०,०००.

पहिला विचार अर्थातच हातातल्या मिररलेस कॅमेऱ्याचा. त्याचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणारं कवच, आणि पुढचा डोम मिळून कोटेशन आलं २,४०,०००. कॅमेऱ्यापेक्षा कॅमेऱ्याचं घर महाग. शिवाय उद्या बॉडी बदलली तर बटणं जुळणार नाहीत, म्हणजे घरही बदला. बाद. मोबाइलची पारदर्शक पिशवी मागे स्नॉर्केलिंगला वापरली होती. दोन-तीन मीटर खाली गेलं की पाणी ती पिशवी स्क्रीनवर चेपतं आणि स्क्रीन बोटाचं ऐकत नाही. तीही बाद.

१३ ऑक्टोबर

काल दसऱ्याला गोप्रो हिरो १२ घेतला, ३६,५००. तो नुसताच १० मीटरपर्यंत चालतो. वरून ६० मीटरचं हाउसिंग घेतलं, ४,८००. दुकानदार म्हणाला, "पाण्याखाली रेड फिल्टर लागतोच." इंटरनेटवरही सगळे तेच सांगत होते. घेतला, १,१००. जास्तीच्या बॅटऱ्या आणि दोन कार्डं ७,६००. एकूण ५०,०००. बजेटमध्ये बसलं म्हणून खूश आहे. (ही ओळ पुसत नाही, राहू दे.)

२७ ऑक्टोबर, शेतावरची विहीर

नवं हाउसिंग पहिल्यांदा रिकामंच बुडवायचं, हा शहाणपणा कोर्सच्या इन्स्ट्रक्टरकडून मिळाला. आत कॅमेऱ्याऐवजी टिश्यू पेपरची घडी ठेवली, झाकण लावलं. रिकामं हाउसिंग तरंगतं, म्हणून दोरीला दगड बांधून पंचवीस फूट खाली सोडलं. अर्धा तास धरलं. चुलते काठावर बसून बघत होते. "मासा लागला का?" असं तीनदा विचारून झालं.

टिश्यू कोरडा. मग कॅमेरा घालून स्वतः उतरलो. पाण्यात टचस्क्रीन चालतच नाही, जे काही करायचं ते दोन बटणांवर. म्हणून सेटिंग सगळं वरच लावून ठेवायचं: ४के, सेकंदाला ३० फ्रेम, आयएसओची (उजेड टिपायच्या संवेदनशीलतेची) कमाल ८००. ६० फ्रेम घेऊन नंतर स्लो मोशन करायचा मोह लग्नवाल्याला होतोच. पण विहिरीच्या तळाशी उजेड इतका कमी होता की ६० फ्रेमचं चित्र नुसतं दाणेदार आलं. ३० वर पक्कं केलं.

१६ नोव्हेंबर, तारकर्ली

पूर्ण फुकट गेलेला दिवस. कारणं सगळी लिहितो.

तुळशीची लग्नं संपली की आमचा सीझन लागतो, पुढचे शनिवार-रविवार भराभर बुक होतात. म्हणून हाताशी असलेला शनिवार पकडून पळालो. कोल्हापूरहून फोंडा घाटानं, पहाटे तीनला निघून. काल त्रिपुरी पौर्णिमा होती, हे माझ्या लक्षात होतं, पण त्याचा पाण्याशी संबंध लावला नाही. बोट चालवणाऱ्या तांडेलकाकांनी चढतानाच सांगितलं, "उधाण आसा. तुमका आज काय्येक दिसाचा नाय. अष्टमीच्या आगेमागे येवा." पुढे म्हणाले, "आणि माझो नांगर खंय दिसलो तर सांगा." एप्रिलात खडकात अडकून दोर तुटला होता, तेव्हापासून नांगर खालीच आहे.

साडेसात मीटर खोली. हात लांब केला की बोटं धूसर. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीच्या पाण्याला ओढ जास्त, त्यामुळे तळाचा गाळ दिवसभर उठत राहतो. दृश्यता दीड-दोन मीटर.

त्यात हाउसिंगच्या आत वाफ धरली. सकाळच्या दमट हवेत झाकण लावलं, तासभर बोटीच्या फळीवर उन्हात ठेवलं आणि तापलेलं तसंच पाण्यात घातलं. आतली ओल काचेवर जमली. चाळीस मिनिटांच्या डाइव्हमधली पंचवीस मिनिटं चहाच्या कपातून बघितल्यासारखी.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे स्क्रीनकडे बघता बघता टाकीतली हवा दाखवणारं गेज बघायचं विसरलो. बडीनं, म्हणजे जोडीच्या डायव्हरनं, खांद्याला हात लावून विचारलं तेव्हा हवा ६० बारच उरली होती. वर येताना सेफ्टी स्टॉप (मध्येच थोडा वेळ थांबणं) व्यवस्थित झाला, पण इन्स्ट्रक्टरनं बोटीवर सगळ्यांसमोर झापलं, आणि ते बरोबरच होतं. आजपासून नियम केला: प्रत्येक शॉट संपला की आधी गेज, मग पुढचा शॉट.

पेट्रोल, बोट, हवेच्या दोन टाक्या: ७,५००. वापरण्याजोगं फुटेज: शून्य.

१८ नोव्हेंबर

फुटेज टेबलावर घेतलं. वाफ नसलेले तुकडेसुद्धा तपकिरी, शिळ्या कढणाच्या रंगाचे. म्हणजे दोष गढूळ पाण्याचा एकट्याचा नव्हता.

पाणी लाल रंग आधी खातं. पाच-सहा मीटरला तो जवळपास संपलेला असतो. रेड फिल्टर नवा लाल आणत नाही, बाकीचे रंग अडवून उरलेल्या लालाला वाव देतो. हे निळ्या, स्वच्छ पाण्यात जमतं. मालवणचं पाणी हिरवं. तिथं दाबायचा असतो हिरवा, आणि हिरव्याच्या समोरचा रंग मजेंटा. वर फिल्टर म्हटला की उजेडही गिळणारच, दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). आधीच अंधारात उभं राहून काळा चष्मा लावला होता मी.

मजेंटा फिल्टर मागवला, १,९००. रेड फिल्टर ड्रॉवरमध्ये टाकला. अंदमान-लक्षद्वीपला जाणाऱ्या कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

वाफेवर उपाय: आदल्या रात्री एसीच्या खोलीत झाकण लावायचं, कारण तिथली हवा कोरडी. आत ओल शोषणाऱ्या दोन पट्ट्या. बोटीवर हाउसिंग उन्हात नाही, पाण्याच्या बादलीत. सामानाच्या बॅगेतलं सिलिका जेल तव्यावर मंद आचेवर परतून सुकवलं. बायकोनं तवा वेगळा घे म्हणून बजावलंय.

२३ नोव्हेंबर, मालवण

भिंतीवरचं कॅलेंडर बघून तारीख काढली. वद्य अष्टमी, म्हणजे भांग, भरती-ओहोटीचा जोर सगळ्यांत कमी. एक लग्न पाहुण्या कॅमेरामनला देऊन आलो. उतरायची वेळही भरती भरत आल्यावरची धरली, कारण तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि ओढ मंदावते.

सहा मीटर दिसत होतं. पाणी तेच, जागा तीच, फक्त सात दिवसांचा फरक. मजेंटानं हिरवी झाक उतरली, खडकाचा रंग खडकासारखा आला. पोराइट्स प्रवाळाचे गोल ढिगारे, त्यांवर घोटाळणारे फुलपाखरू मासे, काळ्या काटेरी सागरी साळिंद्रांची रांग.

तरी अर्धे शॉट निर्जीवच. घरी बघताना कळलं की बिघडलेले सगळे शॉट दोन मीटरपलीकडून घेतलेले आहेत. कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये जितकं पाणी, तितका रंग आणि तितका ठसठशीतपणा गेला. एक मीटरच्या आतलं जे घेतलं ते टिकलं. लग्नात आपण झूम करून कोपऱ्यातून रडणारी आई टिपतो. इथं झूमला अर्थ नाही, आईच्या शेजारीच जाऊन बसायला लागतं. गोप्रोची वाइड लेन्स त्यासाठी बरी, अगदी जवळ जाऊनही अख्खा खडक चौकटीत मावतो.

आज विधानसभेचा निकाल होता. काका बोटीवर मोबाइल कानाला लावून मतमोजणी ऐकत होते. वर आलो तर 'काय दिसलं' हे कुणी विचारलंच नाही.

८ डिसेंबर

आठ मीटरखाली आणि खडकाच्या सावलीत फिल्टर पुरेना. उजेड न्यायलाच हवा, म्हणून डायव्हर लोकांचा साधा टॉर्च घेतला, २,८००, आणि कॅमेऱ्याच्या बरोब्बर वर बसवला. दोन्ही चुका एकदमच केल्या.

टॉर्चचा झोत अरुंद, वाट दाखवण्यासाठी बनवलेला. फ्रेमच्या मधोमध पांढरा वाटोळा डाग, भोवती काळोख. आणि झोत लेन्सला चिकटून असल्यामुळे मधल्या पाण्यातला प्रत्येक कण उजळून परत लेन्सकडेच. दाट धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर जी पांढरी भिंत उभी राहते, तीच. आंबोलीच्या घाटात हे पन्नासदा अनुभवलंय, तरी पाण्यात सुचलं नाही.

टॉर्च बाजूला. आता दोन व्हिडिओ लाइट, प्रत्येकी २,५०० लुमेन, १२० अंशांचा पसरट झोत, जोडी १९,०००. कॅमेरा बसवायचा दोन मुठींचा ट्रे आणि लाइट धरणारे हात ४,२००. लाइट कॅमेऱ्यापासून लांब दोन बाजूंना, लेन्सच्या थोडे मागे आणि तोंडं किंचित बाहेर वळवलेली. झोताच्या फक्त कडा विषयावर पडतात आणि मधलं पाणी अंधारात राहतं. लाइट लावले की फिल्टर काढायचा, नाहीतर सगळं गुलाबी येतं. हा शोध दुसऱ्या टाकीच्या शेवटी लागला, त्यामुळे पहिल्या टाकीतला गोबरा मासा लग्नातल्या करवलीसारखा दिसतोय.

बजेट ओलांडलं. भावाला सांगितलं नाही.

२२ डिसेंबर

हाउसिंगमध्ये पाणी शिरलं.

दोन डाइव्हच्या मध्ये बॅटरी बदलली. हात ओले होते, म्हणून गळ्यातल्या पंच्याला पुसले. झाकणाच्या कडेवर पाण्याचा थेंब दिसला, तोही पंच्यानंच टिपला. झाकण लावलं, खटका बसला, उतरलो. तीनेक मीटरवर काचेच्या खालच्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. मला वाटलं बाहेर चिकटलेली हवा असेल. सहा मीटरवर आतलं पाणी डचमळताना दिसलं.

वर आल्यावर झाकण उघडून सील उजेडासमोर धरलं. पांढऱ्या रबरावर आडवा पडलेला एकच सुती धागा, नखाएवढ्या लांबीचा. रबर दाबून बसतं ते सलग बसलं तरच उपयोग. धाग्याच्या दोन्ही अंगांना केसाएवढी फट राहिली आणि तेवढी पुरली.

कॅमेरा वाचला, पण त्यात माझी हुशारी नाही. तो स्वतः १० मीटरपर्यंत टिकणारा, त्याचं स्वतःचं दार नीट बंद होतं आणि आम्ही सहा मीटरवर होतो. बारा मीटरवर असतो तर हे इतक्या शांतपणे लिहीत बसलो नसतो. बंद करून, दार न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत तासभर ठेवला, मग कोरडा करून बॅटरी काढली. माइकचा आवाज दोन दिवस सर्दी झाल्यासारखा येत होता, तिसऱ्या दिवशी सुटला. हाउसिंगचं नवं सील आणि दार, ९००.

स्वस्तातल्या हाउसिंगवर काम करणाऱ्यानं आत असाच कॅमेरा ठेवावा जो उघडाही पाण्यात तग धरेल, असं माझं आता ठाम मत झालंय. ऑक्टोबरात हे डोक्यात नव्हतं, निव्वळ योगायोगानं तसा घेतला गेला.

पंचा बोटीवर बंद. सीलसाठी धागे न सोडणारं चष्म्याचं कापड, वेगळ्या डबीत. सीलवरून कोरडं बोट एक फेरी फिरवायचं, डोळ्याला न दिसणारा वाळूचा कण बोटाला लागतो. या हाउसिंगच्या चपट्या सीलला ग्रीस लावायचं नाही, त्याला उलट वाळू चिकटते. आणि जमेल तोवर दोन डाइव्हच्या मध्ये झाकण उघडायचंच नाही. एकाच डाइव्हमध्ये बॅटरी संपवण्यापेक्षा रेकॉर्डिंग कमी करायचं. तसंही एका डाइव्हमध्ये चाळीस मिनिटं सलग चालू ठेवून मी काय मिळवलं होतं?

५ जानेवारी २०२५

खडकाच्या कपारीत बोटाच्या पेराएवढी शंखाविना समुद्री गोगलगाय, जांभळी, पिवळ्या कडेची. गोप्रो जवळ नेला तर चित्र पुसट. एक फुटाच्या आत त्याला फोकस जमत नाही आणि तो हातानं बदलायची सोय नाही. एक फुटावरून ती गोगलगाय टीव्हीवर मुगाच्या दाण्याएवढी.

बडीकडे ऑलिंपस टीजी-६ आहे, तो मागून घेतला. मायक्रोस्कोप मोडमध्ये हा पठ्ठ्या एक सेंटिमीटरवर फोकस करतो. गोगलगाईच्या डोक्यावरची शिंगं, पाठीवरच्या पिसाऱ्याची उघडझाप, सगळं पडदाभर. पाण्यातच पांढऱ्या वस्तूवर नेम धरून एका बटणानं व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) घेता येतो, ही दुसरी मोठी सोय. पांढरी पाटी नव्हती, श्रीखंडाच्या डब्याचं झाकण नेलं होतं. छान चालतं, फक्त नाव छापलेली बाजू उलटी धरायची.

पण त्यानं अख्खा खडक घ्यायला गेलो तर मावेना. सपाट काचेतून पाण्यात सगळं तिसऱ्या हिश्श्यानं मोठं दिसतं, म्हणून त्याची २५ मिलिमीटरची लेन्स ३३ सारखी वागते. मागे सरकलं की मध्ये पाणी वाढतं, आणि रंगाचं रडगाणं पुन्हा सुरू. शिवाय व्हिडिओमध्ये शटर आपल्या हाती नाही. एकच कॅमेरा घ्यायचा असेल तर आधी ठरवा, खडक दाखवायचा की गोगलगाय.

मला दोन्ही दाखवायचे होते. बडी नवा कॅमेरा घेतोय, त्याचा जुना हाउसिंगसकट मला ३१,००० ला दिला. याचं स्वतःचं अंग १५ मीटर, हाउसिंग ४५ मीटर. म्हणजे दुहेरी कवच याही वेळी.

२६ जानेवारी, घरी

ट्रे, दोन लाइट, कॅमेरा मिळून पाण्यात जड होतं. दहा मिनिटांत मनगट भरून येतं आणि शॉट थरथरतो. तरंगते हात विकत मिळतात, पण ते महाग, म्हणून घरीच करायचं ठरवलं. सगळं ड्रममध्ये बुडवून ताणकाट्याला टांगलं. पाण्यातलं वजन ७०० ग्रॅम.

५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, ३० सेंटिमीटरचे दोन तुकडे, चारही तोंडांना टोपणं, सोल्यूशन लावून बंद. खर्च ३४०. ट्रेला बांधून ड्रममध्ये सोडलं तर सगळं वर पळायला लागलं. प्रत्येकी पाच सेंटिमीटर कापले. टोपणं पुन्हा नवी आणायला लागली, ती वरच्या खर्चात धरली आहेत. आता हातातून सोडलं तर अगदी सावकाश खाली जातं. समुद्रात खाऱ्या पाण्यामुळे आणखी थोडं हलकं होईल, म्हणून एवढा जडपणा मुद्दाम ठेवला. मनगटाला दोरी लावायचीच, ते वेगळं.

८ फेब्रुवारी

आजचं पाणी पाच मीटर. पहिल्यांदा सगळं सामान गप्प राहिलं. वाफ नाही, बुडबुडे नाहीत, मनगट दुखलं नाही. सामानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, हीच नोंद.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून झाली. शॉट स्थिर यावा म्हणून गुडघा टेकायला गेलो आणि इन्स्ट्रक्टरनं पाठीमागून टाकी धरून वर ओढलं. खाली जिवंत प्रवाळ होतं. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कायदा बाजूला ठेवला तरी एवढंसं वाढायला त्याला वर्षं लागतात. स्थिरता श्वासावर ठेवायची, गुडघ्यावर नाही. त्यासाठी पुढची अख्खी टाकी कॅमेरा न घेता नुसता तरंगण्याचा सराव केला.

२३ मार्च

फिल्मसाठी लागणारं सगळं मिळालं होतं. शेवटची टाकी काकांच्या नांगरासाठी ठेवली. दोर कुठं तुटला ती जागा त्यांनी किनाऱ्यावरचा माड आणि सिंधुदुर्गाचा बुरूज एका रेषेत धरून दाखवली. जीपीएस वगैरे काही नाही.

अकरा मीटर. लाइट लावून कपारी तपासत गेलो. नांगर नाही सापडला. तिसऱ्या कपारीत हात घालण्याआधी उजेड टाकला तर आत मांडीएवढा गोबरा, कल्ले हलवत, तोंड माझ्याकडे. अर्ध्या मीटरवरून बावीस सेकंद मिळाली, ओठाखालचे ठिपकेसुद्धा मोजता येतील अशी. अख्ख्या सीझनमधला सगळ्यांत चांगला शॉट हाच.

काकांना बोटीवरच दाखवला. त्यांनी स्क्रीनवर हाताची सावली धरून दोनदा बघितला. म्हणाले, "ह्यो हयसर आसा?" आणि जागा पुन्हा एकदा माडाशी जुळवून घेतली. अभयारण्याची आठवण करून दिली. "म्हायत आसा माका," म्हणाले.

१ जून

बोटी वर ओढल्या. फिल्म नऊ मिनिटांची झाली. पहिलं मिनिट मुद्दाम हिरव्या पाण्याचंच ठेवलंय.

सामान: गोप्रो ३६,५००, हाउसिंग ४,८००, बॅटऱ्या-कार्डं ७,६००, मजेंटा १,९००, लाइट १९,०००, ट्रे ४,२००, टीजी-६ ३१,०००, सील-दार ९००, पाइप ३४०. वाया गेलेला रेड फिल्टर १,१०० आणि टॉर्च २,८००. एकूण १,१०,१४०. याखेरीज सात फेऱ्यांचे ५२,५००, त्यातली पहिली फेरी कॅलेंडर न बघितल्यामुळे पाण्यात.

पावसाळ्यासाठी: सगळं गोड्या पाण्यात भिजवून, बटणं पाण्यातच दाबून मीठ काढलं. सावलीत वाळवलं. सील काढून वेगळ्या डबीत, हाउसिंगचा खटका उघडा, म्हणजे रबर चेपून राहत नाही. लाइटच्या बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर, बाहेर काढून. सिलिका जेल पुन्हा परतलं, या वेळी जुन्या तव्यावर.

आश्विनातली शुद्ध अष्टमी ३० सप्टेंबरला पडते. काकांना नांगराचं सांगून ठेवलंय.